दादरा-नगर हवेली: एका वाटेवरून सुटलेला मुलूख

दमणगंगेचं पाणी गोदावरीत वळवायच्या योजनांच्या बातम्या आता नाशिककरांच्या सवयीच्या झाल्यात. एरवी एकदरे या गावाचं नाव पेठ तालुक्याबाहेर कुणी ऐकलं नसतं, ते पेपरात येऊ लागलं. ही नदी उगवते आपल्या दिंडोरी तालुक्यात, आंबेगावजवळ, आणि समुद्राला मिळते दमणला. मधे ती ज्या मुलखातून वाहते, तो नगर हवेलीचा मुलूख १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झालाच नाही. तिथे आणखी सात वर्षं पोर्तुगालचा झेंडा फडकत होता.

आपल्यातल्या बहुतेकांची सिल्वासाशी, म्हणजे नगर हवेलीतल्या मुख्य गावाशी, ओळख वेगळ्या कारणाने असते. शनिवारी पेठ रस्त्याने खाली उतरायचं, रविवारी परत यायचं आणि नाक्यावर डिकी उघडायला लागू नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. बाटली स्वस्त का, तर ‘तिथे केंद्रशासित आहे’ एवढं उत्तर पुरतं. ते केंद्रशासित का आहे, हे विचारायच्या मनःस्थितीत तेव्हा कुणी नसतं.

या मुलखाच्या सुटकेचा किस्सा दोन प्रश्नांत मावतो. भारताने सैन्य पाठवलं नाही, तरी १९५४ साली पोर्तुगीज सत्ता तिथून तीन आठवड्यांत कशी उठली? आणि पुढे पोर्तुगालने भारतावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा ठोकला, तेव्हा ‘तुमचा हक्क होता’ असं कोर्टाने सांगूनही पोर्तुगाल हरलं कसं? दोन्ही प्रश्नांचं मूळ एकाच गोष्टीत आहे, आणि ती समजायला वकिली लागत नाही. ज्याच्या घरात शेतरस्त्याचा वाद झालाय त्याला ती आधीच समजलेली असते. आमच्या घरात झालाय.

मधल्या गटाचं दुखणं

समजा, तुमची दोन शेतं आहेत. एक डांबरी रस्त्याला लागून, दुसरं आत. दोन्हींच्या मधे शेजाऱ्याचा गट. आतल्या शेतात जायचं तर शेजाऱ्याच्या बांधावरूनच. पोर्तुगालचं अगदी असंच होतं. समुद्रकाठचं दमण हे रस्त्यावरचं शेत. तिथे जहाज लागायचं, गोव्याशी आणि लिस्बनशी संबंध राहायचा. दादरा आणि नगर हवेली ही आतली शेतं, चारही बाजूंनी आपल्या तेव्हाच्या मुंबई राज्याने वेढलेली. गंमत म्हणजे दादरा आणि नगर हवेली हेसुद्धा एकमेकांना चिकटलेले नाहीत. तेही दोन वेगळे तुकडे.

या सगळ्याचं क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर. राहणारे मुख्यतः वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. कोकणा आणि वारली आपल्या पेठ-सुरगाण्यातही आहेत. बोली तीच, देव तेच. मधे एक रेघ होती, आणि रेघेपलीकडचा राजा सात समुद्रांपलीकडे बसलेला होता.

पण ही जमीन पोर्तुगीजांकडे आली कशी?

दिली आपणच. म्हणजे पेशवे दरबाराने. इथे नाशिकचाही एक धागा आहे. गंगापूर रोडवरच्या आनंदवल्लीत राहिलेले राघोबादादा पेशवाईच्या हव्यासाने इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. त्या धामधुमीत पुण्याच्या कारभाऱ्यांना किनाऱ्यावर एक तरी फिरंगी आपल्या बाजूला हवा होता. १७७९ साली पोर्तुगीजांशी मैत्रीचा तह झाला. मराठा आरमाराने त्याआधी त्यांच्या ‘सांताना’ नावाच्या जहाजाचं नुकसान केलं होतं, त्याची भरपाईही यात होती असं सांगतात. दमण परगण्यातली वर्षाला १२,००० रुपये वसुलीची गावं त्यांना द्यायची ठरली, आणि १७८३ व १७८५ साली सनदा निघाल्या.

दिलं नेमकं काय? सगळा घोळ इथेच आहे. पोर्तुगालचं म्हणणं, मुलूखच दिला. भारताचं म्हणणं, फक्त वसूल दिला. मराठी दफ्तरात याला शब्द आहे, सरंजाम. म्हणजे अमुक गावांचा महसूल तू घे, गाव मात्र सरकारचंच. आजच्या भाषेत सांगायचं तर आठवडे बाजाराच्या वसुलीचा ठेका. ठेकेदार पावती फाडतो, पैसे घेतो, दुपारी पटांगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसतो. म्हणून पटांगण त्याच्या नावावर होत नाही.

पुढे हेगच्या न्यायालयाने हे मान्य केलं. मराठ्यांनी दिली ती जहागीर किंवा सरंजाम पद्धतीची महसुलाची देणगी, सार्वभौमत्व नव्हे, असं निकालात आहे. अठराव्या शतकातल्या पुण्याच्या कागदाचा अर्थ काय लावायचा यावर विसाव्या शतकात युरोपात जगभरचे न्यायाधीश डोकं खाजवत बसले होते, हे चित्र मला फार आवडतं.

मात्र इथे जिंकलो असं समजायची घाई नको. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रज मालक झाले. त्यांनी ठेकेदाराला ठेकेदार म्हणून वागवलंच नाही, या गावांचा मालक म्हणूनच वागवलं. सव्वाशे-दीडशे वर्षं कुणी हरकत घेतली नाही, पुढे स्वतंत्र भारतानेही सुरुवातीला घेतली नाही. त्यामुळे प्रत्यक्षात पोर्तुगालची सत्ता मानली गेली होती, असं कोर्टाने धरलं. सातबाऱ्यावर चुकीचं नाव लागलं आणि तीन पिढ्या कुणी फेरफार उतारा काढून पाहिला नाही, की असंच होतं.

वाट अडली की सत्ता अडते

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९४७ नंतरही गोवा, दमण, दीव सोडायला साफ नकार दिला. ‘या वसाहती नव्हेत, हे पोर्तुगालचेच प्रांत आहेत,’ अशी त्यांची भूमिका. बोलणी पुढे सरकेनात म्हणून जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. त्याच वर्षाच्या अखेरीपासून दमण आणि या आतल्या तुकड्यांमधल्या ये-जा करण्यावर निर्बंध वाढत गेले, आणि जुलै १९५४ मध्ये वाट पुरती बंद झाली.

दिसायला ही कागदी कारवाई होती. प्रत्यक्षात नगर हवेलीतल्या मूठभर पोलिसांचा दमणशी असलेला संबंध तुटला. नवी कुमक नाही, दारूगोळा नाही, वरिष्ठ अधिकारी नाही. आणि तोंडावर पावसाळा. जुलै-ऑगस्टमधली दमणगंगा ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापुढे सांगायची गरज नाही.

पावसाळ्यातले तीन आठवडे

२१-२२ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स या संघटनेच्या माणसांनी दादराच्या पोलीस चौकीवर हल्ला केला. पुढारी होते फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई. चौकीचा उपनिरीक्षक आनिसेतो रोझारियो त्यात मारला गेला. दादरा मोकळं झालं. आठवड्याभरात, २८ जुलैच्या सुमाराला, नरोली पडलं. नंतर पाळी सिल्वासाची. तिथे आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक एकत्र चालून गेले. विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, नाना काजरेकर ही त्यातली नावं. २ ऑगस्टला सिल्वासा हाती आलं. हाच दिवस तिथे मुक्तिदिन म्हणून पाळतात.

या पथकांत पुण्यामुंबईची मंडळी बरीच होती आणि त्यात दोन चेहरे आपल्या ओळखीचे. संगीतकार-गायक सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर झालेले बाबासाहेब पुरंदरे. मोहिमेच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रमही झाला होता. भावगीतं गाणारा गळा आणि बंदूक यांची सांगड घालताना मला अजून जरा अडखळायला होतं.

पोर्तुगीजांचा कॅप्टन फिदाल्गो उरलेले शिपाई घेऊन दक्षिणेला खानवेलकडे सरकला. खानवेलच्या पुढे होता फक्त भारत. दमणला परतायची वाट नव्हती, कारण ती वाट आपल्या पोलिसांच्या बंदोबस्तात होती. ११ ऑगस्टला त्याने उधवा इथे, आजच्या पालघर जिल्ह्यात, भारतीय पोलिसांपुढे हत्यारं टाकली. सगळं मिळून तीन आठवडे.

पडद्यामागून भारत सरकारनेच केलं, असं नाही का?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. भारताचं सैन्य आत गेलं नाही, हे खरं. पण राखीव पोलिसांनी नाकेबंदी केली होती, आणि स्वयंसेवक ज्या मुंबई राज्यातून गेले त्याच्या पोलिसांना याची कुणकुण नव्हती असं मानायला फार भोळं असावं लागेल. कम्युनिस्टांचाही या भागात जोर होता. डहाणू-उंबरगावच्या वारली लढ्यातून तयार झालेले कार्यकर्ते नगर हवेलीतल्या वारल्यांपर्यंत पोचले होते. मुलूख त्यांच्या हाती जाऊ नये अशी काळजी मुंबईच्या सरकारला वाटत होती, असंही वाचायला मिळतं.

माझं मत विचाराल तर सरकारने दार उघडलं नाही, पण दाराशी उभं राहून पोर्तुगीजांना मात्र आत येऊ दिलं नाही. कायद्याच्या नजरेत या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मग हेगमध्ये भांडण कशाचं होतं?

पोर्तुगालने भारतावर चढाईचा दावा केला नाही. त्यांनी मागितलं ते अगदी साधं. आम्हाला आमच्या शेतात जायची वाट द्या. दमणहून दादरा-नगर हवेलीपर्यंत जाण्याचा आमचा वहिवाटीचा हक्क आहे, तो भारताने अडवला. आता सत्ता उलथून गेलेली असताना पोर्तुगालच्या माणसांना वाट देणं म्हणजे काय, हे उघड आहे. आधी वाट, मग वाटेवरून फौज.

वेळही अशी साधली की आपल्याकडच्या पट्टीच्या वकिलाने टाळी द्यावी. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९ डिसेंबरला त्याने या कोर्टाचा अधिकार मानल्याचं लिहून दिलं. २२ डिसेंबरला दावा दाखल. भारताने ओरड केली की आम्हाला सावध व्हायलाही वेळ दिला नाही. पण १९५७ मध्ये कोर्टाने भारताच्या सहापैकी चार प्राथमिक हरकती फेटाळल्या, उरलेल्या दोन मूळ दाव्यासोबत पाहू म्हटलं आणि सुनावणी पुढे नेली.

आता शेताकडे परत येऊ. आपल्याकडे शेतरस्ता अडवला की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे अर्ज जातो. वहिवाटीचा हक्क कायमचा मिळवायचा तर वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, विनाखंड आणि ‘हक्क म्हणून’ वापर दाखवावा लागतो. सगळा जोर शेवटच्या दोन शब्दांवर. आमच्या मळ्याच्या वादात समोरच्याने सांगितलं, आम्ही बैलगाडी पूर्वीपासून नेतो. बरोबर होतं, आजोबांच्या काळापासून न्यायचे, कुणाला विचारायचे नाहीत. पण मुरमाचा डंपर न्यायचा असला की दर वेळी घरी येऊन विचारायचे, ‘अण्णा, आजच्या दिवस नेऊ का?’ कधी वडील हो म्हणायचे, कधी पीक उभं असलं की नाही म्हणायचे. विचारलं, तिथेच हक्क संपला. बैलगाडी हक्काने, डंपर परवानगीने.

हेगचा निकाल नेमका हाच आहे.

पोर्तुगाल जिंकलं की हरलं?

निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. पंधरा न्यायाधीश होते. त्यांत दोन्ही पक्षांनी नेमलेला एकेक न्यायाधीश. भारताने मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला यांना नेमलं होतं.

कोर्टाने आधी जुनी वहिवाट तपासली. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ये-जा इंग्रज अमदानीत आणि नंतरही सवा शतकाहून जास्त काळ, नेहमीची तपासणी सोडली तर, बिनाअडथळा चालू होती. म्हणून तेवढ्यापुरता पोर्तुगालला १९५४ मध्ये वाटेचा हक्क होता. हे ११ विरुद्ध ४ मतांनी.

फौज, सशस्त्र पोलीस, हत्यारं आणि दारूगोळा यांचं मात्र वेगळं होतं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहापासून त्यांना आधी परवानगी मागावी लागायची. मागायचे, मिळायची, जायचे. पण मागायचे. इथे हक्क नाही, असं ८ विरुद्ध ७ मतांनी ठरलं. एका मताने. एक न्यायाधीश पलीकडे झुकला असता, तर आज हा लेख कदाचित वेगळ्या सुरात लिहावा लागला असता.

तिसरा मुद्दा, मग सामान्य लोकांची वाट तरी भारताने का अडवली? कोर्ट म्हणालं, वाटेचा हक्क असला तरी जमिनीच्या मालकाला त्या वाटेवर नियंत्रण ठेवता येतं. दादरा पडल्यावर भोवतालच्या भारतीय मुलखात तणाव होता, अशा वेळी वाट बंद करणं हे त्या नियंत्रणाच्या अधिकारातच बसतं. ९ विरुद्ध ६. तेव्हा पोर्तुगालने वाटेचा हक्क जिंकला आणि दावा हरला.

‘१९५४ नंतर हा मुलूख कोणाचा?’ हे कोर्टाने ठरवलं नाही. पोर्तुगालने ते विचारलंच नव्हतं, भारतालाही ते विचारून घ्यायची घाई नव्हती.

मधली सात वर्षं राज्य कोणाचं?

हा भाग मला या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण वाटतो. ऑगस्ट १९५४ ते ऑगस्ट १९६१ हा मुलूख ना पोर्तुगालच्या हाती, ना भारतात. दावा चालू असताना भारताने तो आपल्यात घेतला असता, तर कोर्टात काय तोंडाने उभं राहणार होता? म्हणून ‘मुक्त दादरा आणि नगर हवेली’ असा स्वतंत्र कारभार सुरू झाला. वरिष्ठ पंचायत नावाची सभा होती, प्रशासक होते. पहिले प्रशासक अप्पासाहेब करमळकर.

निकाल लागला, दावा निकाली निघाला, आणि विलीनीकरणाची वेळ आली. करार व्हायचा तर दोन बाजू लागतात. एका बाजूला पंतप्रधान नेहरू. दुसऱ्या बाजूला कोण? मग के. जी. बदलानी या भारतीय सनदी अधिकाऱ्याला एका दिवसासाठी दादरा-नगर हवेलीचा पंतप्रधान केलं गेलं. ११ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी सही केली आणि पद संपलं. राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीने हा मुलूख केंद्रशासित झाला. गोवा, दमण आणि दीव त्यानंतर चार महिन्यांनी, १९ डिसेंबरला, सैन्य पाठवून सुटले. पोर्तुगालने हे सगळं मान्य केलं ते १९७४ च्या अखेरीस, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर.

तिथल्या माणसांना काय मिळालं?

हा प्रश्न मुक्तिदिनाच्या भाषणांत कमी येतो. पुण्यामुंबईचे आणि गोव्याचे स्वयंसेवक परत गेले, वारली-कोकणा तिथेच राहिले. पोर्तुगीजांनी ‘अल्वारा’ नावाच्या सनदांनी जमिनी मोठ्या धारकांना दिल्या होत्या, त्यांवर राबणारा आदिवासी मालक नव्हता. झेंडा १९५४ साली उतरला, जमीनधारणेची ही पद्धत मोडणारा कायदा आला १९७१ साली. तोवर बऱ्याच जणांच्या हयाती कुळ म्हणूनच गेल्या असणार. त्यानंतर करसवलतींमुळे कारखाने आले, मधुबन धरणही झालं. सिल्वासा आज जे दिसतं ते या कारखान्यांचं गाव.

काही खुणा मात्र राहून गेल्यात. दादरा-नगर हवेलीचं उच्च न्यायालय गुजरातचं नाही, मुंबईचं आहे. नगर हवेलीच्या पोटात मेघवळ नावाचं एक गाव आहे, ते गुजरातचं. म्हणजे वेढलेल्या मुलखाने वेढलेलं गाव. आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला, राजधानी दमण.

एक प्रदेश, एक प्रशासक. पण दमणहून सिल्वासाला फाईल पाठवायची असली, तर गाडी आजही मधल्या गटातूनच जाते, गुजरातच्या वापीतून.